बॉयलरपासून भटारखान्यापर्यंत: ब्रिटनमधील सिल्हेटी आचाऱ्यांचा इतिहास

#थ्रेड

१/ ब्रिटनच्या लहानमोठ्या शहरांत 'इंडियन' अशी पाटी मिरवणारे एखादे तरी उपाहारगृह हमखास भेटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांपैकी बहुसंख्य उपाहारगृहे ज्यांच्या हाती होती, ती माणसे भारताची नागरिक नव्हती. ती आजच्या बांगलादेशातील सिल्हेटची होती. त्यांच्या आधीच्या पिढीचा व्यवसायही स्वयंपाकाचा नव्हता. जहाजाच्या भट्टीत कोळसा ओढण्याचा होता. आगवाल्याचा आचारी कसा झाला, त्याचा हा इतिहास.

२/ आरंभ मात्र सिल्हेटचा नाही, पाटण्याचा आहे. १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद याने १८१० मध्ये लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडले. वेताच्या खुर्च्या, हुक्का आणि हिंदी पदार्थ असा तिथला थाट होता. हिंदुस्तानातून परतलेले कंपनीचे अधिकारी येतील, ही त्याची अपेक्षा. परंतु अशा साहेबांच्या घरी खानसामे आधीच होते. १८१२ मध्ये महंमदाचे दिवाळे निघाले. पुढे ब्रायटनला 'चंपी'चे स्नानगृह काढून त्याने राजाश्रय मिळवला, ती गोष्ट वेगळी.

३/ पुढचा धागा बंदरांत सापडतो. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, शिडांची जागा वाफेने घेतली आणि ब्रिटिश कंपन्यांना स्वस्त खलाशांची गरज भासू लागली. या हिंदी खलाशांना 'लास्कर' म्हणत. त्यांच्यात कामांची वाटणी प्रदेशवार होती. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत, तर मुदपाकखान्यात आणि उतारूंच्या सेवेत गोव्याचे ख्रिस्ती. कोलकात्याच्या जहाजांत तळाशी, बॉयलरपाशी, सिल्हेटी असत.

४/ सिल्हेट समुद्रापासून दूर, पण नद्यांनी आणि हाओर नावाच्या विस्तीर्ण पाणथळींनी वेढलेले. होड्या वल्हवणे हे तिथल्या अनेकांचे परंपरागत काम. नदीवर आगबोटी आल्या आणि होडीवाल्यांचा धंदा बसला. तेव्हा हीच माणसे कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीकडे वळली. तिथे 'बाडीवाला' उधारीवर राहू देई आणि सारंग जहाजावर भरती करी. सारंग बहुधा आपल्याच मुलखाचा असे. त्यामुळे एका गावातला एक गेला की त्याच्यामागून दहा जात.

५/ जहाजाच्या पोटात कामांची उतरंड होती. कोळसा वाहून आणणारा कोयलावाला, तो भट्टीत लोटणारा आगवाला, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला. उष्णता असह्य असे. वेतन गोऱ्या खलाशाच्या वेतनाचा लहानसा अंश आणि करार असा, की प्रवास संपल्यावर हिंदुस्तानात परत यायलाच हवे. काही जण लंडन, कार्डिफ किंवा लिव्हरपूलच्या धक्क्यावरून रात्रीच्या अंधारात शहरात नाहीसे होत, ते यामुळेच.

६/ त्यांची कायदेशीर अवस्था चमत्कारिक होती. ते ब्रिटिश प्रजाजन होते, त्यामुळे ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क तत्त्वतः त्यांना होता. पण करार मोडल्यामुळे पकडले जाण्याची भीतीही होती. १९२५ च्या एका आदेशाने प्रजाजनत्वाचा पुरावा नसलेल्या 'रंगीत' खलाशांना परकीय म्हणून नोंदणी करायला लावली. अशा वेळी आधी स्थिरावलेला देशबांधव हाच आधार. पूर्व लंडनमध्ये खानावळ चालवणाऱ्या अयूब अली यांचे घर पळून आलेल्या खलाशांचा आसरा होते. पत्र लिहून देण्यापासून नोंदणी करून देण्यापर्यंतची कामे तिथे होत.

७/ पळालेल्या खलाशाला कोणते काम मिळणार? इंग्रजी येत नाही, कागदपत्रे नाहीत, कारखान्यात ओळख नाही. उरते ते हॉटेलच्या मागच्या दारातून मिळणारे काम: भांडी घासणे, बटाटे सोलणे, कोळसा भरणे. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटजवळ एडवर्ड पामर यांनी 'वीरास्वामी' हे उंची हिंदी उपाहारगृह सुरू केले. पामर हे जनरल विल्यम पामर यांचे वंशज. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेला तोच पामर. हिंदी जेवणाच्या अशा मोजक्या भटारखान्यांत भांडी घासता घासता अनेक सिल्हेटींनी फोडणी शिकून घेतली.

८/ पुढची पायरी मालकीची. शाह अब्दुल मजीद कुरेशी हे असेच जहाजातून उतरलेले सिल्हेटी. त्यांनी १९३८ च्या सुमारास सोहोतील विंडमिल स्ट्रीटवर 'दिलखुश' काढले. १९४० च्या बाँबवर्षावात ते उद्ध्वस्त झाले. १९४३ मध्ये अयूब अली आणि कुरेशी यांनी हिंदी खलाशांसाठी कल्याणकारी संघटना उभारली. उपाहारगृह आणि संघटना यांमागची माणसे एकच होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. खानावळ हे नुसते दुकान नव्हते. परक्या शहरातला तो गावाचा पार होता.

९/ महायुद्धानंतर बाँबने मोडकळीस आलेल्या जागा स्वस्तात मिळू लागल्या. सिल्हेटींनी मासे-बटाट्याची जुनी दुकाने आणि कॅफे घेतले. जुना इंग्रजी पदार्थ तसाच ठेवला आणि शेजारी भात-करी मांडली. पब बंद झाल्यावरही दुकान उघडे ठेवले. रात्री उशिरा भुकेला झालेला इंग्रज कामगार प्रथम मासा मागे, मग त्यावर थोडी करी, आणि अखेरीस नुसती करी. एका प्रचलित अंदाजानुसार १९४६ मध्ये ब्रिटनभर अशी वीसेक उपाहारगृहे होती. १९६० पर्यंत ती तीनशेच्या घरात गेली आणि १९८० पर्यंत तीन हजारांच्या.

१०/ या नोकरीत होते तरी काय? राहण्याची सोय दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दोन वेळचे जेवण तिथेच. भाषा आली नाही तरी चाले, कारण मालकापासून मोरीवाल्यापर्यंत सगळे सिल्हेटीच बोलत. खर्च जवळपास नसल्यामुळे पगारातला मोठा हिस्सा घरी जाई. काही वर्षे काटकसर केली की दोघातिघांच्या भागीदारीत स्वतःचे दुकान काढता येई. गिरणी किंवा ओतशाळेतला कामगार जन्मभर कामगारच राहण्याची शक्यता अधिक; भांडी घासणारा मात्र मालक होऊ शकत होता. या कामाचे खरे आकर्षण तेच.

११/ पाककलेचेही एक यंत्र बसवले गेले. सकाळी कांद्याचा मोठा हंडा शिजवून, वाटून एकच मूळ रस्सा तयार होई. मांस आधीच शिजवून ठेवलेले असे. मागणी आली की कढईत रस्सा, मसाला, मांस. काही मिनिटांत ताट तयार. तिखटाची पायरीही ठरली: सौम्य कोर्मा, मग मद्रास, मग विंदालू. गोव्यात पोर्तुगीज वारशातून घडलेले, व्हिनेगर-लसणाचे विंदालू तिथे केवळ तिखटाचे माप होऊन बसले. सिल्हेटच्या घरी जेवल्या जाणाऱ्या सुटकी मासळीला आणि शातकोरा लिंबाला मात्र मेनूवर जागा मिळाली नाही. आचारी गिऱ्हाइकासाठी एक रांधी आणि स्वतःसाठी दुसरे.

१२/ १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने मुक्त प्रवेश संपवला. आता कामाचे 'व्हाउचर' हवे. आणि एक प्रकारचे व्हाउचर विशिष्ट मालकाने नोकरी देऊ केल्यास मिळे. ज्याच्या मामाचे ब्रिटनमध्ये उपाहारगृह, त्याच्यापाशी जणू प्रवेशाची किल्लीच. स्थलांतर रोखण्यासाठी केलेल्या कायद्यातून नातेवाइकांची साखळी उलट घट्ट झाली. सिल्हेटच्या काही गावांत घरोघरी 'लंडनी' निर्माण झाले. पक्की घरे, मशिदी, शाळा त्यांच्या पैशातून उभ्या राहिल्या.

१३/ दरम्यान देश दोनदा बदलला. जुलै १९४७ च्या सार्वमताने सिल्हेटचा बहुतांश भाग पूर्व पाकिस्तानात गेला आणि १९७१ मध्ये बांगलादेशात. एकच आचारी, एकच कढई, पण पारपत्रे तीन. दुकानावरची पाटी मात्र 'इंडियन'च राहिली; गिऱ्हाइकाला तोच शब्द ठाऊक होता.

१४/ या सगळ्याची किंमतही होती. दुपारी एक पाळी, संध्याकाळी दुसरी, ती मध्यरात्र उलटून संपे. सणासुदीला सुट्टी नाही. अनेकांच्या बायका-मुलांना ब्रिटनला यायला सत्तर-ऐंशीची दशके उजाडली. तोवर बापाची ओळख मनिऑर्डर आणि पत्रे यांपुरतीच. दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाची वर्णद्वेषी शिवी ऐकूनही ताट पुढे ठेवावे लागे. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले. पदार्थाला नागरिकत्व सहज लाभले. ते रांधणाऱ्यांना ते कष्टाने मिळवावे लागले होते.

१५/ पुढच्या पिढीने कढईकडे पाठ फिरवली. आईबापांनीच मुलांना शिकवले, ते कढईपाशी उभे राहावे लागू नये म्हणून. मग आचारी आणायचे कोठून? २०१६ च्या सुमारास परदेशी आचाऱ्यासाठी सुमारे तीस हजार पौंडांच्या वार्षिक वेतनाची अट होती आणि पार्सल देणाऱ्या उपाहारगृहांना ही सवलत नव्हती. गल्लीतल्या करी हाउसला हे झेपणारे नव्हते. अनेकांनी दारे बंद केली.

१६/ एक प्रश्न उरतो. जहाजांवर मुदपाकखाना सांभाळत होते गोवेकर. मग ब्रिटनभर उपाहारगृहे आगवाल्यांनी का काढली? एक कारण असे दिसते, की गोवेकराकडे हुन्नर होते, तुलनेने बरी नोकरी होती आणि परतण्यासाठी मुंबईत गावकऱ्यांचे 'कूड' होते. जहाज सोडून पळण्याचे त्याला तितकेसे कारण नव्हते. भट्टीपुढे होरपळणाऱ्याला ते होते. स्वयंपाक तो नंतर शिकला. परदेशातील आचाऱ्यांचा इतिहास पाककृतींच्या वहीत शोधण्याआधी जहाजांच्या करारांत आणि स्थलांतराच्या कायद्यांत शोधावा लागतो, तो याचसाठी.