क्लेअरची पोटनिवडणूक

सार्वत्रिक निवडणुकीची आठवण इतिहासांत राहते. पोटनिवडणुकीची सहसा राहत नाहीं. एखादा सभासद वारला, किंवा दुसऱ्या कांहीं कारणानें त्याची जागा मोकळी झाली, म्हणजे उरलेल्या मुदतीपुरता नवा सभासद निवडून पाठवावयाचा, एवढाच तिचा हेतु. तिच्यामुळें मंत्रिमंडळें क्वचितच बदलतात, आणि निकालाची बातमी चार दिवसांत शिळी होते. परंतु सार्वत्रिक निवडणुकींत जें साधत नाहीं, तें पोटनिवडणुकींत कधीं कधीं साधून जातें. सार्वत्रिक निवडणुकींत शेंकडों ठिकाणीं शेंकडों प्रश्न एकदम विचारले जातात, आणि लोकांनीं नेमकें कोणतें उत्तर दिलें याविषयीं मागाहून वाद माजतो. पोटनिवडणुकींत साऱ्या देशाचे डोळे एकाच ठिकाणीं लागलेले असतात, व प्रश्नही बहुधा एकच असतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगण्यांत १८२८ सालीं झालेली पोटनिवडणूक या प्रकारची होती. पाव शतकाहून अधिक काळ टाळलेला प्रश्न तिनें नऊ महिन्यांत निकालांत काढला. ती जिंकून देणाऱ्या गरीब मतदारांच्या पदरीं शेवटीं काय पडलें, हा भाग मात्र विजयाच्या वर्णनांत बहुधा झांकून जातो. त्याच भागाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे.

प्रश्न होता कॅथॉलिकांच्या राजकीय हक्कांचा. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक. जमीन व सत्ता मात्र मूठभर प्रॉटेस्टंटांच्या हातीं. १८०१ सालीं आयर्लंडचें निराळें पार्लमेंट मोडून तो देश ब्रिटनशीं जोडला गेला. या जोडणीबरोबर कॅथॉलिकांचीं बंधनें दूर होतील, अशी आशा मुख्य प्रधान पिट यानें त्यांना दाखविली होती. पण राजा तिसरा जॉर्ज आडवा आला. असा कायदा मान्य करणें म्हणजे राज्यारोहणाच्या वेळीं घेतलेली शपथ मोडणें होय, असें त्याचें मत. पिटनें अधिकार सोडला, आणि आशा तशीच लोंबकळत राहिली.

या बंधनांत एक चमत्कारिक विसंगति होती. १७९३ च्या कायद्यानें आयर्लंडांतील कॅथॉलिकांना मत देण्याचा हक्क मिळाला होता, परंतु पार्लमेंटांत बसण्याचा नव्हता. निवडणुकीस उभें राहूं नये, असेंही कायद्यांत कोठें स्पष्ट म्हटलेलें नव्हतें. अडथळा होता तो सभागृहाच्या उंबरठ्यावर. तेथें प्रत्येक सभासदाला जी शपथ व जें प्रतिज्ञापत्र वाचावें लागे, त्यांत कॅथॉलिकांची प्रार्थना ही मूर्तिपूजा आहे, असें कबूल करावयाचें असे. श्रद्धावान कॅथॉलिकाच्या तोंडून तीं अक्षरें निघणें शक्य नव्हतें.

मत देणारे हे कॅथॉलिक कोण, तेंही पाहिलें पाहिजे. ज्याच्या जमिनीचें वार्षिक मोल खंड वजा जातां चाळीस शिलिंग, म्हणजे अवघे दोन पौंड भरे, व जी त्याच्याकडे हयातीच्या पट्ट्यानें असे, तो परगण्याचा मतदार होई. १७९३ नंतर जमीनदारांनीं असे पट्टे भराभर करून दिले. त्यांत कुळांविषयीं कळवळा नव्हता. जितकीं कुळें तितकीं मतें, हा हिशेब होता. मतदान गुप्त नव्हतें. ब्रिटनमध्यें गुप्त मतदानाचा कायदा १८७२ सालचा. तोंपर्यंत मतदारानें सर्वांसमक्ष उभें राहून उमेदवाराचें नांव उच्चारावयाचें आणि तें वहींत लिहून घेतलें जावयाचें. जमीनदाराचा कारभारी तेथेंच उभा असे. त्याच्या इच्छेविरुद्ध नांव उच्चारणाऱ्या कुळाला खंडाची थकबाकी एकदम भरण्याचा तगादा लागे. ती भरतां आली नाहीं, म्हणजे घर व जमीन दोन्ही जात. आणि आयर्लंडांत थकबाकी नसलेलें कूळ विरळा होतें.

अशा लोकांना उभें करण्याचें काम डॅनियल ओकॉनेल यानें केलें. हा केरी परगण्यांतला, धंद्यानें वकील. आवाज पहाडी आणि विनोद बोचरा. १८२३ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं कॅथॉलिक असोसिएशन काढली. पुढच्या वर्षीं ओकॉनेलनें तिच्यासाठीं महिना एक पेनीची वर्गणी सुरू केली. एक पेनी म्हणजे रक्कम ती केवढी! पण ती खेडोपाडीं धर्मगुरूंच्या साहाय्यानें गोळा होऊं लागली, आणि पेनी देणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ही चळवळ आपली वाटूं लागली. १८२६ च्या निवडणुकींत वॉटरफर्ड परगण्यांतल्या कुळांनीं बलाढ्य बेरेस्फर्ड घराण्याच्या उमेदवाराला पाडलें, तेव्हां या चाळीस शिलिंगवाल्यांत काय सामर्थ्य आहे तें प्रथम दिसलें.

यानंतर जें घडलें त्याला निमित्त झालें कायद्यांतल्या एका जुन्या कलमाचें. राजाकडून पगारी मंत्रिपद स्वीकारणाऱ्या सभासदाची जागा आपोआप मोकळी होई, व त्याला आपल्या मतदारांकडे पुन्हां जावें लागे. (ही चाल १९२६ सालीं पूर्णपणें बंद झाली.) १८२८ च्या मे महिन्यांत ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळांतून कांहीं मंत्री बाहेर पडले, आणि व्यापारखात्याच्या अध्यक्षपदावर क्लेअरचा सभासद विल्यम व्हेसी फिट्झजेरल्ड याची नेमणूक झाली. तो निवडून येणारच, याविषयीं कोणाला शंका नव्हती. तो लोकप्रिय जमीनदार होता. स्वतः प्रॉटेस्टंट असून कॅथॉलिकांच्या हक्कांना अनुकूल होता. त्याच्या वडिलांनीं तर आयर्लंडचें पार्लमेंट मोडण्यास विरोध करून आपली सरकारी जागा गमावली होती. परंतु वेलिंग्टनच्या सरकारांत सामील होणाऱ्या कोणत्याही उमेदवाराला विरोध करावयाचा, असा असोसिएशनचा ठराव झालेला होता. माणूस चांगला म्हणून ठराव गुंडाळून ठेवावा, तर ठरावाला अर्थ राहत नाहीं. आधीं एका प्रॉटेस्टंट गृहस्थाला उभें राहण्याची विनंति झाली. त्यानें नकार दिला. तेव्हां ओकॉनेल स्वतःच उभा राहिला. जो पार्लमेंटांत बसूं शकत नाहीं, त्यानें पार्लमेंटसाठीं मत मागावें, ही गोष्ट त्या काळच्या शिष्ट मंडळीला हास्यास्पद वाटली. ओकॉनेलचा डाव त्यांतच होता.

एनिस हें क्लेअरचें मुख्य गांव. जूनच्या अखेरीस तेथें सुमारे ३०,००० लोक जमले. सैन्य व पोलीसही आणून ठेवले होते. पण त्यांना काम पडलें नाहीं. धर्मगुरु आपापल्या गांवचे मतदार रांगेनें घेऊन येत होते. निवडणूक म्हणजे दारू आणि डोकेंफोड, ही तेथली रीत; परंतु या वेळीं व्हिस्कीला शिवावयाचें नाहीं, अशी आज्ञा सुटली व ती पाळली गेली. प्रतिपक्षाला या शांततेचीच अधिक धास्ती वाटली. दंगा झाला असता तर बंदुका होत्या, शिस्तीवर त्यांच्याजवळ उपाय नव्हता.

फिट्झजेरल्डचें भाषण चांगलें झालें. आजारी वडिलांचा उल्लेख करतांना त्याला अश्रु आवरेनात, आणि विरोधी जमावही क्षणभर हेलावला. ओकॉनेलनें उठून तो प्रभाव धुऊन काढला. त्या प्रसंगीं तो प्रतिस्पर्ध्याशीं उदारपणें वागला, असें म्हणतां येत नाहीं. मग मतदान सुरू झालें. परगण्यांतील बहुतेक सर्व मोठे जमीनदार फिट्झजेरल्डच्या बाजूस होते. त्यांचीं कुळें एकामागून एक पुढें येत, कारभाऱ्याच्या डोळ्यांदेखत उभीं राहत, आणि ओकॉनेलचें नांव घेत. ५ जुलै १८२८ रोजीं निकाल लागला: ओकॉनेल २,०५७, फिट्झजेरल्ड ९८२.

हे २,०५७ आंकडे वाचावयास सोपे आहेत. त्यांतल्या बहुतेक प्रत्येकाच्या मागें एक झोंपडी, बटाट्याचें एक लहानसें शेत आणि एक थकलेला खंड होता. ज्या हक्कासाठीं ते हें सर्व पणाला लावीत होते, तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. पार्लमेंटांत बसण्याइतकी मालमत्ता या कुळांपैकीं कोणाकडे होती? त्या जागा वकिलांसाठीं, व्यापाऱ्यांसाठीं, सुखवस्तु कॅथॉलिकांसाठीं होत्या. कुळांना मिळावयाचा होता तो फक्त मान.

लंडनमध्यें या निकालाचा अर्थ तात्काळ ओळखला गेला. मुख्य प्रधान वेलिंग्टन आमच्या वाचकांस परका नाहीं. १८०३ सालीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. कॅथॉलिकांना हक्क देण्यास तो आजवर प्रतिकूल होता. पण किल्ला केव्हां सोडावा, हें जाणणारा तो सेनापति होता. उद्यां सार्वत्रिक निवडणूक झाली तर आयर्लंडांतील परगण्यामागून परगणा असेच सभासद निवडील. त्यांना दारांतून परत लावावें तर यादवी. ती टाळावयाची तर कायदा बदलला पाहिजे, हें त्यानें व गृहमंत्री रॉबर्ट पील यानें ओळखलें.

पीलची अडचण अधिक नाजूक होती. तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचा प्रतिनिधि. कॅथॉलिकांचा विरोधक म्हणूनच त्या विद्वानांनीं त्याला निवडलें होतें. मत बदलल्यावर त्यांच्या जागेवर बसून राहणें त्याला प्रशस्त वाटेना. त्यानें जागा सोडली आणि १८२९ च्या फेब्रुवारींत तेथेंच पुन्हां उभा राहिला. या पोटनिवडणुकींत सर रॉबर्ट इंग्लिस याला ७५५ मतें पडलीं, पीलला ६०९. वेस्टबरी नांवाच्या एका लहानशा गांवाची जागा एका धनिकाच्या मुठींत होती, तेथून त्याला घाईघाईनें निवडून आणावें लागलें. क्लेअरच्या निरक्षर कुळांना काळाचीं पावलें ऐकूं आलीं, तीं ऑक्सफर्डच्या पदवीधरांना ऐकूं आलीं नाहींत! एका चिडलेल्या उमरावाशीं, लॉर्ड विंचिल्सीशीं, तर खुद्द मुख्य प्रधानाला मार्चमध्यें पिस्तुलांचें द्वंद्व करावें लागलें. सुदैवानें कोणी जखमी झालें नाहीं. राजा चौथा जॉर्ज शेवटपर्यंत आढेवेढे घेत होता. अखेर १३ एप्रिल १८२९ रोजीं त्यानें कायद्याला संमति दिली.

पण त्याबरोबर दुसराही एक कायदा झाला. आयर्लंडांतील परगण्यांत मताच्या हक्काची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यांत आली. मतदारांची संख्या सुमारें २,१६,००० वरून सुमारें ३७,००० वर आली. ज्यांनीं क्लेअर जिंकलें, त्यांतल्या बहुतेकांचें मत एका लेखणीच्या फटकाऱ्यानें गेलें. सरकारचा हेतु उघड होता: सवलत द्यावयाची, पण ज्या हत्यारानें ती मिळविली तें काढून घ्यावयाचें. मत गेल्यावर लहान कुळाला जमिनीवर ठेवण्याचें एक कारणही जमीनदारापाशीं उरलें नाहीं.

ओकॉनेल या वेळीं काय करीत होता? १८२५ सालीं अशाच एका तडजोडींत चाळीस शिलिंगवाल्यांचें मत सोडून देण्यास तो राजी झाला होता. वॉटरफर्डनंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, आणि यापुढें त्यांचा हक्क जाऊं देणार नाहीं, असें त्यानें जाहीर केलें. १८२९ मध्यें त्यानें निषेध केला, पण तो शब्दांचाच. पदरीं पडणारा विजय हातचा जाईल, या भीतीनें त्यानें देश उठविला नाहीं. त्याचा हा निर्णय चुकीचा होता, असें ठामपणें म्हणणें कठीण आहे. पण तो निष्कलंक होता, असें म्हणणें त्याहून कठीण आहे.

त्याचा स्वतःचा प्रवेशही सरळ झाला नाहीं. नवी शपथ कायदा अंमलांत आल्यानंतर निवडून येणाऱ्यांनाच लागू ठेवण्यांत आली होती, आणि क्लेअरची निवडणूक तर आधींची. मे १८२९ मध्यें ओकॉनेल सभागृहांत आला, तेव्हां त्याच्यापुढें जुनीच शपथ ठेवण्यांत आली. त्यानें ती घेण्यास नकार दिला. सभागृहानें १९० विरुद्ध ११६ मतांनीं त्याला बसूं देण्याचें नाकारलें. जागा पुन्हां मोकळी झाली. क्लेअरला पुन्हां पोटनिवडणूक लागली. ३० जुलै १८२९ रोजीं ओकॉनेल तेथून बिनविरोध निवडून आला. या वेळीं रांगेंत उभें राहावयाला चाळीस शिलिंगवाले नव्हते. त्यांचें कामही नव्हतें.

लोकसत्तेच्या इतिहासांत हक्क मिळविणारे आणि हक्क भोगणारे एकच असतात, असें नाहीं. ओकॉनेलचें नांव डब्लिनच्या मुख्य रस्त्याला दिलेलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु एनिसच्या मतदानस्थळीं कारभाऱ्यासमोर उभें राहून ज्यांनीं तें नांव मोठ्यानें उच्चारलें, त्या दोन हजारांचीं नांवें रस्त्यांना कोणी दिलीं नाहींत. आज गुप्त मतपेटीच्या आडोशानें, खंडाची किंवा घराची भीति न बाळगतां मत देणारा सुशिक्षित माणूस पोटनिवडणुकीच्या दिवशीं ‘एका जागेनें काय होणार?’ म्हणून घरीं बसतो. एका जागेनें काय होतें, हें क्लेअरच्या त्या कुळांना विचारावें. त्यांनीं आपलें मत एकदांच मनासारखें वापरलें आणि त्याची किंमत त्या मतानेंच दिली. पण त्या एका वेळीं त्यांनीं साम्राज्याचा कायदा बदलला.