प्रवास आणि पत्र

इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेम येथे भरलेल्या सभेपुढे एक मूलगामी प्रश्न होता : येशूचा अनुयायी होऊ इच्छिणाऱ्या परराष्ट्रीयाने आधी सुंता करून घ्यावी काय? काही पथ्ये सांगून सभेने ही अट नाकारली. त्यानंतरच्या पौलाच्या प्रवासाचा वृत्तांत ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात येतो. त्रोवस बंदरी त्याला रात्री दृष्टान्त होतो. मासेदोनियाचा एक पुरुष साहाय्यासाठी विनवीत असतो. ‘जा’ या आज्ञेइतकीच ‘ये’ ही हाकही येथे प्रेरक ठरते. प्रत्यक्षात फिलिप्पै येथे नदीकाठी त्याला भेटल्या त्या प्रार्थनेस जमलेल्या स्त्रिया. त्यांतील जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण लुदिया हिने त्याला आग्रहाने घरी नेले. रोमन राजमार्ग आणि सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा यांनी हा संचार सुकर केला खरा. परंतु थेस्सलनीका नगर त्याला विरोधामुळे रातोरात सोडावे लागले. मागे राहिलेल्या नवख्या मंडळीच्या काळजीतून, इ. स. ५० च्या सुमारास, त्याने तिला पत्र लिहिले. उपलब्ध ख्रिस्ती लेखनात बहुधा तेच सर्वांत जुने होय, शुभवर्तमाने त्यानंतरची. नव्या कराराच्या वाङ्मयाचा उगम असा एका अपुऱ्या राहिलेल्या भेटीत आहे.