चवी किती, आणि तेलाला चव असते का?

चवी किती, या प्रश्नाचे आपल्या घराघरांत ऐकू येणारे उत्तर 'सहा' असे आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. शरीरशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत हेच उत्तर 'चार' असते, आणि अलीकडच्या पुस्तकांत 'पाच'. यांपैकी कोणत्याही यादीत तेलातुपाचे नाव नाही. वऱ्हाडात राहणाऱ्याला ही गोष्ट खटकायला हवी. चांदूर बाजार, अचलपूर या भागात भाकरीवर जवसाची चटणी आणि तिच्यात कच्च्या तेलाची धार हे पुष्कळांचे जेवण असते. गोळाभातावर फोडणीचे तेल पडले नाही तर घास घशाखाली उतरत नाही. मग हे तेल आपल्याला कळते तरी कशाने? जिभेला त्याची चव लागते, की नुसता गुळगुळीत स्पर्श होतो?

हा वाद फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सव्विसावा अध्याय म्हणजे चक्क एका परिषदेचा वृत्तांत आहे. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली संहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात हा अध्याय शिक्षकांनी जरूर पाहावा. चैत्ररथ वनात ऋषी आणि वैद्य जमले आहेत आणि रस किती यावर चर्चा चालू आहे. भद्रकाप्य म्हणतो, एकच. पुढचे वक्ते दोन, तीन, चार असे आकडे वाढवत नेतात. विदेहाचा निमी सातवर जातो. आपल्या ओळखीच्या सहा रसांत तो 'क्षार' मिळवतो. बाल्हीक देशाचा कांकायन म्हणतो, रस मोजताच येणार नाहीत.

आपल्या कामाचा वक्ता मात्र राजर्षी वार्योविद आहे. त्याचेही रस सहाच, पण कोणते? जड, हलका, थंड, उष्ण, स्निग्ध आणि रूक्ष. म्हणजे स्निग्धता ही एक चव आहे, असे म्हणणारा माणूस या परिषदेत होता. शेवटी आत्रेय निवाडा देतो. रस सहाच, पण ते गोड-आंबट वगैरे. स्निग्ध, रूक्ष, जड, हलका हे द्रव्याचे गुण आहेत, रस नव्हेत. क्षारालाही तो बाद करतो, कारण क्षार हे तयार केलेले द्रव्य आहे, त्यात अनेक रस आहेत आणि ते एकाहून अधिक इंद्रियांना कळते. ही कसोटी मला निकालापेक्षाही महत्त्वाची वाटते. जे फक्त जिभेलाच कळते ते रस, हा विचार तिच्यामागे आहे, आणि पुढे युरोपातही वाद याच कसोटीभोवती फिरला.

तिकडे ॲरिस्टॉटलने चवींत 'तेलकट' चव मोजली होती. सोळाव्या शतकातला फ्रेंच वैद्य फर्नेल आणि अठराव्या शतकातला लिनियस यांच्या याद्यांतही ती आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र या याद्यांची छाटणी झाली. तेलकट, तिखट, तुरट या साऱ्यांची रवानगी स्पर्शाच्या खात्यात झाली आणि १८६४ मध्ये फिकने दिलेल्या यादीत चारच चवी उरल्या. तीनच वर्षांनी, १८६७ मध्ये, श्वाल्बे आणि लोव्हेन यांना सूक्ष्मदर्शकाखाली सस्तन प्राण्यांच्या जिभेवर रुचिकलिका दिसल्या. पन्नास ते शंभर पेशींची ती कळीसारखी जुडी. चवी चार आणि त्या ओळखणारे अवयवही सापडले, म्हणजे विषय संपला असेच सर्वांना वाटले.

जिभेचा नकाशा याच काळातला. १९०१ मध्ये जर्मनीत हेनिगने जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदनशीलता मोजली. फरक अगदी थोडे होते. १९४२ मध्ये बोरिंगने आपल्या पुस्तकात त्यांचा असा आलेख काढला, की वाचणाऱ्याला टोकाला फक्त गोड आणि मागे फक्त कडू असे वाटावे. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्जने पुन्हा मोजमाप करून दाखवले की सगळीकडे सगळ्या चवी लागतात. तरीही हा नकाशा फळ्यावर काढला जातोच! कापसाच्या बोळ्याने जिभेच्या टोकावर मिठाचे पाणी लावले की तो तिथल्या तिथे पुसला जातो.

पाचवी चव आली जपानमधून. कोंबू या समुद्री शैवालाच्या रश्श्यातून किकुनाए इकेदाने १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. ती सर्वमान्य व्हायला सुमारे नव्वद वर्षे लागली, कारण चवीचे जगणे आता 'ग्राही' सापडण्यावर अवलंबून होते. ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणातले एक प्रथिन. विशिष्ट रेणू त्यात बसला की पेशीच्या आत रासायनिक साखळी सुरू होते आणि निरोप चेतातंतूकडे जातो. २००० ते २००२ या काळात कडू, गोड आणि उमामी यांचे ग्राही हाती आले. तिखटाचे उलट झाले. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाला मिरचीच्या तिखटपणाचा ग्राही सापडला, पण तो निघाला उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या चेतापेशींतला. या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले आणि आत्रेयाच्या यादीतले तिखट चवींच्या बाहेरच राहिले.

आता तेलाकडे वळू. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. एवढा मोठा रेणू ग्राहीत बसत नाही, एखादे मेदाम्ल सुटे झाले तर बसू शकते. जिभेच्या मागच्या भागातल्या मोठ्या उंचवट्यांभोवती खंदकासारखी खाच असते आणि तिच्या तळाशी फॉन एब्नरच्या ग्रंथी उघडतात. उंदरांत या ग्रंथींतून मेद तोडणारे विकर भरपूर स्रवते, माणसात त्याचे प्रमाण कमी आहे. रुचिकलिका याच खाचेच्या भिंतीत असतात. म्हणजे तोडणारा आणि ओळखणारा शेजारी शेजारी राहतात.

२००५ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ येथे बेनार यांच्या गटाने सीडी३६ हे प्रथिन नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. एकीत मेदाम्ल होते, दुसरीत नव्हते. स्पर्शावरून ओळखता येऊ नये म्हणून दोन्ही द्रव सारखेच दाट केले होते. साध्या उंदरांनी मेदाम्लाची बाटली निवडली, सीडी३६ नसलेल्यांना फरकच कळला नाही. गोड-कडू मात्र त्यांना नीट कळत होते. आणखी एक गोष्ट दिसली. अन्ननलिका बांधून फक्त जिभेवर मेदाम्ल ठेवले, तरी साध्या उंदरांत पाचकरस वाढला. पोटात काही पोचण्याआधीच शरीर तयारीला लागले होते. पुढे २०१० मध्ये जीपीआर१२० आणि जीपीआर४० हे आणखी दोन ग्राही पुढे आले. माणसांवरचा पुरावा २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस येथून आला. ज्यांच्यात सीडी३६ जास्त तयार होते, त्यांना मेद सुमारे आठपट कमी प्रमाणातही कळत होता.

या सुट्या मेदाम्लांची चव कशी असते? २०१५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात लोकांच्या नाकाला चिमटे लावून त्यांच्याकडून चवींचे गट पाडून घेतले. लांब साखळीच्या मेदाम्लांचा गट वेगळा पडला आणि ती चव लोकांना नकोशी वाटली. संशोधकांनी तिला लॅटिनमधून एक भारदस्त नाव दिले. मराठीत तेलकट, तुपट, ओशट हे स्पर्शाचे शब्द आहेत, पण 'खवट' हा शब्द वेगळा आहे आणि तो याच चवीच्या अगदी जवळ जातो. जवसाचे तेल लवकर खवट होते, कारण त्यातला निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि त्याचे हवेत झपाट्याने ऑक्सिडीकरण होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने काढलेल्या टीएल-९९ या जवसाच्या वाणात हे आम्ल म्हणूनच फार कमी ठेवले आहे.

तरीही मेदाला सहावी चव म्हणावे यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. अडचण कोठे आहे ते वर्गात पाहता येईल. जवसाच्या ताज्या आणि जुन्या तेलाचा एकेक थेंब नाक दाबून जिभेवर घ्या. नाक दाबताच खवटपणाचा मोठा भाग नाहीसा होतो, तो वास होता. जे उरते त्यात थोडे जिभेवर असते, आणि थोडी घशाशी खरखर असते. ही खरखर तिखटासारखी, म्हणजे पुन्हा स्पर्शाच्या खात्यातली. जिभेवर उरलेल्यातले स्पर्शाचे किती आणि रुचिकलिकेचे किती, हे वेगळे काढण्यासाठी प्रयोगशाळेत नाकाला चिमटा लावतात, नमुन्यात डिंक आणि खनिज तेल मिसळून दाटपणा सारखा करतात, आणि रंग कळू नये म्हणून खोलीत लाल दिवा लावतात.