‘.३७५ मॅग्नम’ काडतुसाची हातभरणी

रायफलीचे काडतूस कारखान्यातून तयार न घेता त्याचे घटक स्वतंत्रपणे मिळवून ते स्वतः भरण्याच्या पद्धतीस हातभरणी किंवा ‘हँडलोडिंग’ म्हणतात. परवानाधारक शिकारी व नेमबाज यांच्यात ही पद्धत अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत रूढ आहे. मोठ्या श्वापदांसाठी वापरल्या जाणाऱ्या मध्यम व्यासाच्या काडतुसांपैकी ‘.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम’ हे सर्वांत परिचित असल्याने हातभरणीचे हेतू आणि धोके समजून घेण्यास ते सोयीचे उदाहरण ठरते.

काडतुसाची जडणघडण

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूकनिर्मात्या पेढीने हे काडतूस १९१२ मध्ये आणले. त्याच्या पितळी पुंगळीची लांबी ७२.४ मिलिमीटर, तर गोळीचा व्यास .३७५ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर आहे. पुंगळी बुडाकडून तोंडाकडे निमुळती होत जाते. तिचा खांदा उतरता असून बुडाशी एक उंच कडे असते. त्या काळी कॉर्डाइट ही काड्यांच्या रूपातील धूरविरहित दारू वापरली जाई. उष्ण प्रदेशात तिचा दाब वाढे आणि वापरलेली पुंगळी रायफलीत अडकण्याचे भय असे. निमुळत्या आकारामुळे पुंगळी सहज आत सरके आणि तितक्याच सहज बाहेर निघे. समोर रानरेडा उभा असताना दुसरा बार वेळेत भरता येणे, हे या आकाराचे खरे प्रयोजन होते.

या काडतुसासाठी २३५, २७० व ३०० ग्रेन वजनाच्या गोळ्या रूढ आहेत. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यानुसार ३०० ग्रेनची गोळी सुमारे १९.४ ग्रॅम भरते. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ७७० मीटर असतो आणि तिची ऊर्जा ५,७०० जूलच्या वर जाते. २७० ग्रेनची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास पोहोचते. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक श्वापदांच्या शिकारीसाठी किमान व्यास म्हणून .३७५ हेच माप धरले जाते.

हातभरणी कशासाठी?

खर्चात बचत हे तिचे एक कारण असले, तरी मुख्य कारण नव्हे. कारखान्याचे काडतूस त्या व्यासाच्या प्रत्येक रायफलीत सुरक्षितपणे चालावे अशा बेताने बनवलेले असते. हातभरणी करणारा एका विशिष्ट रायफलीसाठी, एका विशिष्ट गोळीसह काडतूस तयार करतो. त्याला हवा असतो सारखेपणा. दहा काडतुसांचा वेग जितका एकमेकांच्या जवळ, तितक्या गोळ्या लक्ष्यावर एकमेकींच्या जवळ लागतात. अधिक दारू घालून अधिक वेग मिळवण्याचा मोह नवख्यांना होतो. परंतु या काडतुसाची कीर्ती वेगावर उभी नाही. जड गोळी, मध्यम वेग आणि खोलवर शिरण्याची खात्री या तिन्हींच्या मेळावर ती उभी आहे.

चार घटक

पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. त्यांपैकी पुंगळी तेवढी पुन्हा वापरता येते. त्यासाठी प्रायमर ‘बॉक्सर’ पद्धतीचा असणे सोयीचे असते. त्यात ठिणगी जाण्यास मधोमध एकच छिद्र असल्याने जुना प्रायमर सुईने ढकलून काढता येतो. ‘बर्डन’ पद्धतीत दोन लहान छिद्रे बाजूला असल्याने हे काम किचकट होते. गंमत अशी, की बॉक्सर हा ब्रिटिश अधिकारी आणि बर्डन अमेरिकी. मात्र बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली, तर बर्डनची युरोपात.

कामाचा क्रम ठरलेला असतो. वापरलेली पुंगळी स्वच्छ करून तपासली जाते. साच्यातून दाबून तिला मूळ आकारात आणले जाते आणि वाढलेली लांबी छाटली जाते. मग नवा प्रायमर बसवून दारू तोलली जाते व शेवटी गोळी बसवली जाते. दारूचे प्रमाण दारू व गोळ्या बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तिकांतूनच घेतले जाते. पुस्तिकेतील सर्वांत कमी मात्रेपासून आरंभ करायचा आणि कमाल मात्रा ओलांडायची नाही, हा या क्षेत्रातील पहिला दंडक आहे. घटकांपैकी एक जरी बदलला, तरी मोजणी पुन्हा तळापासून सुरू होते.

दाब आणि पुंगळीचे दुखणे

युरोपीय प्रमाणानुसार या काडतुसाचा कमाल दाब ४,३०० बार आहे. तो वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक असून नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर निर्माण होतो. प्रायमर चपटा होणे, बोल्ट उचलताना जड जाणे ही वाढत्या दाबाची लक्षणे मानली जातात; पण ती दिसेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. म्हणून जाणकार वेगमापक यंत्रावर भरवसा ठेवतात. पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा वेग जास्त भरला, तर दाबही जास्त आहे असेच समजले जाते.

कड्यामुळे या पुंगळीला एक खास दुखणे जडते. काडतूस चेंबरमध्ये कड्यावर टेकत असल्याने खांद्यापुढे थोडी मोकळी जागा राहू शकते. बार उडताच पितळ पुढे ताणले जाते आणि कड्याच्या लगत पुढे पातळ होते. दर वेळी खांदा मागे ढकलून पुंगळी पूर्ववत केली, की हा ताण पुन्हा पुन्हा त्याच जागी पडतो. काही वापरांनंतर तिथे तडा जातो, पुंगळी दुभंगते आणि तप्त वायू मागे येऊ शकतो. तारेचे टोक वाकवून पुंगळीच्या आतून ती जागा चाचपणे ही जुनी, पण भरवशाची चाचणी आहे. खांदा आवश्यक तेवढाच मागे सारून पुंगळी आपल्या रायफलीच्या चेंबरला जुळवून घेणे, हा त्यावरचा उपाय.

दुसरी दक्षता धक्क्यासंबंधी आहे. जड रायफलीच्या धक्क्याने मॅगझिनमधील काडतुसांच्या गोळ्या आत ढकलल्या जाऊ शकतात. गोळी आत गेली की दारूची जागा घटते आणि दाब वाढतो. यासाठी पुंगळीचे तोंड गोळीवरील खाचेत किंचित दाबून घट्ट केले जाते.

गोळीची निवड

हातभरणीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय दारूचा नसून गोळीचा असतो. १९४६ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याने मूसवर गोळ्या झाडल्या, परंतु त्या पुरेशा खोल शिरण्याआधीच फुटून विखुरल्या. त्याची रायफल ‘.३०० हॉलंड अँड हॉलंड’ व्यासाची, म्हणजे .३७५ च्याच कुळातली होती. वेग भरपूर होता. उणीव गोळीच्या बांधणीत होती. नॉस्लरने तांब्याच्या आवरणात मधोमध आडवी भिंत ठेवून पुढे व मागे शिशाचे दोन स्वतंत्र भाग केले. पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून आत शिरत जातो. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी १९४८ पासून विक्रीस आली.

पुढे शिशाविना, निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्या. मेलेल्या प्राण्याच्या शरीरातील शिशाचे कण गिधाडवर्गीय पक्ष्यांना मारक ठरतात. कॅलिफोर्नियातील काँडॉरला त्याचा मोठा फटका बसला. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण मनाई केली. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत अधिक जागा व्यापते. त्यामुळे शिशाच्या गोळीसाठीची मात्रा तांब्याच्या गोळीला लागू पडत नाही.

चुकीच्या भरणीची किंमत केवळ नेमबाज मोजत नाही. जखमी रानरेडा दाट झुडपात शिरला, तर त्याचा माग काढणारा स्थानिक माणूस सर्वांच्या पुढे चालत असतो. जनावराच्या वाट्याला लांबलेले मरण येते. म्हणूनच शिकारीला निघण्यापूर्वी प्रत्येक काडतूस रिकाम्या मैदानात, सुरक्षित दिशेला नळी धरून रायफलीतून सरकवून पाहण्याचा प्रघात अनुभवी मंडळी पाळतात. जे अडखळते, ते बाजूला काढले जाते.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे भारतात गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबतचा अपवाद कलम ११ मध्ये आहे, मात्र त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा काही प्राण्यांबाबत अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. गोवा व सीमाभागात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. तो पिके राखण्यापुरता असतो. त्याने शिकारीची मुभा मिळत नाही. संस्थानी काळातील .३७५ रायफल एखाद्या घराण्याकडे वारशाने आली असली, तरी तिचा परवाना वारसाच्या नावे नव्याने घ्यावा लागतो.