‘व्हर्लपूल’चा खटला आणि व्यापारचिन्हाचा हक्क

शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत ‘व्हर्लपूल’चे फ्रिज तयार होतात. याच नावासाठी मूळ अमेरिकी कंपनीला भारतात सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले होते. ‘एन. आर. डोंगरे विरुद्ध व्हर्लपूल कॉर्पोरेशन’ हा तो खटला आजही व्यापारचिन्हांच्या वादांत आधार म्हणून सांगितला जातो.

कंपनीने १९५६-५७ मध्ये भारतात हे नाव नोंदवले होते. मात्र नूतनीकरण न झाल्याने १९७७ मध्ये नोंदणी संपुष्टात आली. १९८६ मध्ये एका ट्रस्टच्या विश्वस्तांनी त्याच नावासाठी अर्ज केला. त्यावरील कंपनीची हरकत १९९२ मध्ये फेटाळण्यात आली व नोंदणी ट्रस्टला मिळाली. पुढे या नावाने वॉशिंग मशीन विक्रीस येताच कंपनीने १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

नोंदणीच प्रतिपक्षाकडे असल्याने कंपनीने ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याचा माल खपवला जात असल्याचा दावा केला. परदेशी नियतकालिकांतील जाहिरातींमुळे या नावाचा लौकिक भारतातही पोहोचला होता, हे न्यायालयाने मान्य केले. विक्रीस मनाई करणारा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट १९९६ रोजी कायम ठेवला.

त्यानंतर आलेला १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नामांकित चिन्ह वेगळ्याच प्रकारच्या मालावर वापरून त्याच्या लौकिकाचा गैरफायदा घेणे किंवा त्यास बाधा आणणे, हेही कलम २९(४) नुसार उल्लंघन ठरते. पूर्वी केवळ मालाच्या साम्यावर भर होता.

दौंडमधील गूळ उत्पादक असो वा शिरूरमधील लघुउद्योजक, या खटल्याचा धडा त्यांनाही लागू पडतो. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व मुदतीत नूतनीकरण आवश्यक असते. नोंदणीपूर्वीपासून नाव वापरणाऱ्यास कलम ३४ चे संरक्षण मिळते; त्यासाठी जुनी बिले, वेष्टने व जाहिराती जपून ठेवणे हिताचे. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाहून कनिष्ठ न्यायालयात दाखल करता येत नाही.

नोंदणी गमावूनही ‘व्हर्लपूल’ तरली, ती जागतिक लौकिकाच्या बळावर. छोट्या उत्पादकाकडे ते बळ नसते. त्याची भिस्त वेळेवर केलेल्या नोंदणीवर आणि जपलेल्या कागदांवरच असते.