किरुना : सूर्याविना संसार

शहरें बहुधा नदीच्या कांठीं, बंदरावर किंवा मोठ्या वाटा एकमेकींस मिळतात अशा ठिकाणीं वसतात. जमीन पिकाऊ असते, पाणी गोड असतें, हवा सोसवते. म्हणून माणसें येतात आणि राहतात. स्वीडनच्या उत्तर टोंकाचें किरुना हें शहर मात्र या नियमास अपवाद आहे. उत्तरध्रुववृत्ताच्याही पलीकडे सुमारें ९० मैलांवर तें वसलें आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत तेथें एकदां सूर्य मावळला, कीं नव्या वर्षाच्या आरंभापर्यंत तो क्षितिजावर येत नाहीं. मध्यान्हीं कांहीं तास निळसर संधिप्रकाश पडतो, तेवढाच काय तो दिवस. अशा जागीं हजारों माणसांनीं बिऱ्हाडें कां थाटलीं, आणि तो हिंवाळा आपल्या रोजच्या व्यवहारांत कसा सामावून घेतला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हा प्रदेश निर्मनुष्य कधींच नव्हता. रेनडिअरांचे कळप राखणारे सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या येथें वावरत आले आहेत. ‘किरुना’ हें नांवही त्यांच्याच भाषेंतील एका पक्ष्याच्या नांवावरून आलें. हिंवाळ्यांत पांढरीं पिसें धारण करणारा हा पक्षी. सामींनीं थंडीशीं कधीं झुंज मांडली नाहीं. तिच्या कलानें चालण्याची रीत त्यांनीं बसविली. कातडी पादत्राणांत पायमोज्यांऐवजीं वाळविलेलें मऊ गवत भरावयाचें, हें त्याचें साधें उदाहरण होय. तें गवत ओल शोषून घेतें व पाय उबदार ठेवतें. पुढें ध्रुवप्रदेशांत जाणाऱ्या प्रवाशांनींही ही युक्ति उचलली.

बाहेरच्या माणसांना येथें ओढून आणलें तें लोखंडानें. किरुनाव्हारा व लुओस्साव्हारा या दोन डोंगरांत अतिशय कसदार लोहखनिज आहे, हें पूर्वीपासून ठाऊक होतें. पण तें वाहून न्यावें कसें? १८९० सालीं खाण-कंपनी स्थापन झाली. दक्षिणेकडून येणारा लोहमार्ग १८९९ मध्यें किरुनापर्यंत पोंचला. परंतु बाल्टिक समुद्राचें त्या बाजूचें बंदर हिंवाळ्यांत गोठतें. म्हणून पर्वत ओलांडून नॉर्वेंतील नार्व्हिक बंदर गांठणें भाग होतें. अटलांटिक महासागराच्या उष्ण प्रवाहामुळें तें बारमाही खुलें राहतें. १९०२ सालीं हा मार्ग पुरा झाला व १९०३ च्या जुलैंत राजा दुसरा ऑस्कर याच्या हस्तें त्याचें समारंभपूर्वक उद्घाटन झालें. तो बांधणाऱ्या मजुरांनीं बर्फाच्या वादळांत, लांकडी बराकींतून, एकामागून एक हिंवाळे काढले होते.

काम करणारा पुरुष बराकींत एखादा हिंवाळा काढील. पण बायकामुलांसह जन्म काढावयाचा तर गांव हवें. शेजारच्या माल्मबेर्येत या खाणवस्तीची जी दशा झाली, ती डोळ्यांपुढें होती. तेथें सुरुंगाच्या दारूचीं रिकामीं खोकीं ठोकून लोकांनीं झोंपड्या उभ्या केल्या होत्या. किरुनांत तसें होऊं नये, असा निर्धार कंपनीचे पहिले व्यवस्थापक युलमार लुंडबोम यांनीं केला. हे गृहस्थ व्यवसायानें भूगर्भशास्त्रज्ञ. पण लोकवस्तीचाही त्यांनीं तितक्याच बारकाईनें विचार केला. १९०० सालीं नगररचनाकार पेर ओलोफ हॉलमान यांचा आराखडा मंजूर झाला. त्यांत हिंवाळ्याचा विचार आधीं केलेला दिसतो. थंड हवा जड असते व ती दरींत सांचते; म्हणून गांव डोंगराच्या उतारावर धरलें. सरळ रस्त्यांतून वारा बाणासारखा धांवतो. म्हणून रस्ते वळणावळणांचे ठेवले. रस्त्याचें वळण ही येथें केवळ शोभा नव्हती. ज्या घराच्या दारावरून वारा कमी जातो, त्या घराला सरपणही कमी लागतें.

कामगारांसाठीं गुस्ताफ विक्मान या वास्तुशिल्पज्ञानें लांकडी घरें योजिलीं. त्यांच्या आकारावरून लोकांनीं त्यांना ‘दौती’ असें गमतीचें नांव दिलें. १९०७ पासून गांवांत विजेची ट्राम धांवूं लागली. अंधारांत व बर्फांत खाणीवर पायीं जाण्याची दगदग तिनें वांचविली. १९५८ पर्यंत ती चालू होती. १९१५ मध्यें पोर्युस येथील धबधब्याची वीज आली आणि लोहमार्गावरही विजेचीं इंजिनें फिरूं लागलीं. १९१२ च्या डिसेंबरांत, सूर्य दिसेनासा होण्याच्या सुमारास, विक्मान यांनींच रचलेलें मोठें लांकडी चर्च खुलें झालें. त्याचा आकार सामींच्या झोंपडीवरून घेतलेला आहे. छताच्या कडेस संतांच्या नव्हेत, तर मानवी मनाच्या अवस्था दाखविणाऱ्या सोनेरी मूर्ति उभ्या आहेत.

मात्र या व्यवस्थेला दुसरी बाजू आहे. ज्यांच्या झोंपडीचा आकार चर्चनें घेतला, त्यांच्या कळपांच्या वाटा खाणीनें व लोहमार्गानें तोडल्या. योहान तूरी या सामी शिकाऱ्यानें १९१० सालीं आपल्या लोकांच्या जीवनावर स्वभाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकारास सामींचें जिणें नीट उमगलेलें नाहीं, तें समजावून द्यावें, हा त्याचा हेतु होता. त्या ग्रंथाच्या प्रकाशनास साहाय्य लुंडबोम यांनींच केलें. एकाच माणसाच्या हातून खाणीचा विस्तार व्हावा आणि त्या विस्तारानें ज्यांचें नुकसान झालें त्यांचा ग्रंथही छापला जावा, ही किरुनाच्या इतिहासांतील विसंगति डोळ्यांआड करतां येत नाहीं.

पुढें त्या शहरावरच तशीच पाळी आली. खनिजाचा थर तिरपा होत गांवाच्या खालीं शिरला आहे. तें जसजसें काढावें, तसतशी वरची जमीन खचते. गांवाचा कांहीं भाग हलवावा लागेल, असें कंपनीनें २००४ सालीं जाहीर केलें. जुन्या वस्तीच्या पूर्वेस सुमारें दोन मैलांवर नवें केंद्र उभारलें गेलें. २०२२ मध्यें त्याचें उद्घाटन झालें. ‘दौती’ घरांपैकीं कांहीं सबंध उचलून दुसरीकडे नेलीं. २०२५ च्या ऑगस्टांत ६७२ टन वजनाचें तें चर्च चाकांच्या गाड्यांवर चढवून, दोन दिवसांत सुमारें तीन मैल नेऊन नव्या जागीं बसविण्यांत आलें.

इमारत हलवितां येते. डोंगराचा उतार हलवितां येत नाहीं. नवी वस्ती तुलनेनें सखल व सपाट जागीं आहे, आणि थंड हवा सखल भागांतच सांचते. म्हणून हॉलमान यांनीं जो प्रश्न १९०० सालीं कागदावर सोडविला, तो तेथील रहिवाशांना पुन्हां नव्यानें सोडवावा लागणार आहे. ज्या लोखंडासाठीं गांव जन्मलें, त्याच लोखंडानें त्याला जागेवरून उठविलें. पण नव्या जागीं घर ऊबदार राखण्याचें काम लोखंडाचें नाहीं, तें माणसांनाच करावें लागतें.