दैव किती, कौशल्य किती?

पत्त्यांच्या डावात जिंकणाऱ्याला स्वतःचे कौशल्य दिसते, तर हरणाऱ्याला स्वतःचे दुर्दैव. खरे कोणाचे, हे ठरवायला किती डाव पाहावे लागतील? हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

त्याचा पाया स्वित्झर्लंडमधील बाझल येथील याकोब बर्नुली याने घातला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, 1713 मध्ये प्रसिद्ध झाला. एका भांड्यात पांढरे व काळे खडे 3:2 या प्रमाणात आहेत. एक खडा काढायचा, रंग नोंदवायचा आणि परत टाकायचा. पांढऱ्यांचे प्रमाण 29/50 ते 31/50 यांच्या दरम्यान येण्याची शक्यता न येण्याच्या हजारपट व्हावी, यासाठी किती वेळा खडा काढावा? बर्नुलीचे उत्तर होते, 25,550 वेळा! पुढे 1733 मध्ये लंडनमध्ये अब्राहम द म्वाव्र याने दाखवले की यदृच्छेने होणारा चढउतार प्रयत्नांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

आता पोकर घेऊ. हाती कोणते पत्ते येतील हे दैवाधीन, पण पैज किती लावायची आणि डाव केव्हा सोडायचा हे कौशल्य. समजा, एखादा कुशल खेळाडू दर डावाला सरासरी 5 पैसे कमावतो आणि एका डावातील चढउतार (प्रमाण विचलन) 10 रुपये आहे. 100 डावांत कौशल्याची कमाई 5 रुपये, दैवाचा चढउतार 100 रुपये. 10,000 डावांत हेच आकडे 500 व 1,000 होतात. 40,000 डावांनंतर दोन्ही 2,000, तर 1,60,000 डावांनंतर 8,000 व 4,000. म्हणजे दैवाचा वाटा रुपयांत कमी होत नाही, तोही वाढतच असतो. मात्र कौशल्य त्याहून वेगाने वाढते आणि शेवटी त्याला मागे टाकते.

हे गणित अमेरिकेत पिट्सबर्ग येथे प्रत्यक्ष कसाला लागले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील तुओमास सँडहोम यांच्या गटाने बनवलेला ‘क्लॉडिको’ हा संगणक कार्यक्रम 2015 मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंशी 80,000 डाव खेळला. दैवाचा प्रभाव घटवण्यासाठी एका ठिकाणी माणसाला मिळालेले पत्ते दुसऱ्या ठिकाणी संगणकाला दिले जात. माणसे 7,32,713 डॉलर किमतीच्या चकत्यांनी पुढे राहिली. तरीही संशोधकांनी निकाल संख्याशास्त्रीय दृष्ट्या बरोबरीचा मानला, कारण इतकी आघाडी नुसत्या दैवानेही मिळू शकली असती. जानेवारी 2017 मध्ये ‘लिब्रेटस’ हा नवा कार्यक्रम 20 दिवसांत 1,20,000 डाव खेळला आणि 17,66,250 डॉलर किमतीच्या चकत्यांनी जिंकला. या वेळी मात्र शंकेला जागा उरली नाही.

येथे एक इशारा द्यायला हवा. ‘खूप खेळले की नशीब फिरते’ हा समज या नियमाच्या नेमका उलट आहे. ज्याची सरासरी उणे, त्याचा तोटा डावांबरोबर अधिकच निश्चित होत जातो.

आणि आपल्या वर्गाचे काय? दहा प्रश्नांच्या एका चाचणीत दोन गुण कमी-अधिक पडले, म्हणून आपण एका मुलाला हुशार व दुसऱ्याला ‘ढ’ ठरवतो. 80,000 डावांनंतरही शास्त्रज्ञ निकाल देताना थबकले, हे त्या वेळी आपण आठवावे.